शेवटच्या मुलीच्या वेगाने

निमलष्करी दलात भरती झाले तेव्हा आमचं ट्रेनिंग सेंटर तळोज्याच्या बाजूला होतं. मैदानावरून खारघरचा डोंगर समोर दिसायचा आणि त्याच्या अलीकडे, बेलपाड्यात, माझं घर. बाकीच्या मुली लांबून आलेल्या, त्यांचा तसा प्रश्न नव्हता. मला मात्र घर एवढं जवळ असून गेटबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. सावधानमध्ये उभी असतानासुद्धा मी बुटातल्या बुटात बोटं हलवत असायचे.

धावण्यात मी सगळ्यांच्या पुढे. म्हणूनच बहुधा आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी माझी जोडी यवतमाळकडच्या एकीशी लावली. ती लेकीला सासूकडे ठेवून आली होती. इथल्या दमट हवेत तिचा जीव घुसमटायचा. मागे पडू या भीतीने ती सुरुवातीलाच जोरात सुटायची आणि मग पोटात कळ येऊन वाकायची. तुकडीची वेळ धरतात ती शेवटच्या मुलीची, त्यामुळे तिचा उशीर तो सगळ्यांचा उशीर.

उस्तादांनी मला सांगितलं की तिला बोलतं ठेव. अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, शब्द तुटायला लागले की कमी कर. मग ती धावताना लेकीबद्दल बोलायची. लेक आईचा कान धरल्याशिवाय झोपत नाही, दूध बघितलं की पळते. रोज तेच. ऐकता ऐकता माझ्या पोटऱ्यांना मुंग्या यायच्या. जोरात धावून मी कधी एवढी दमले नाही, जेवढी तिच्याबरोबर हळू धावून दमले.

मग लांबचा मार्च ठरला. पाठीवर सामानाने भरलेला पिठ्ठू, हातात रायफल, आणि वाट बेलपाड्याच्या नाक्यावरून. रविवारी फोनवर मी आईला सांगून ठेवलं. आई मासळी विकायची. बाजारात जाताना नाक्यावर थांबते म्हणाली.

त्या सकाळी माझी जोडीदारीण खारघरच्या उत्सव चौकापर्यंत बरी चालली. पुढे तिचे शब्द तुटायला लागले. मी वेग कमी केला. तुकडी पुढे सरकत गेली. रायफल तिच्या हातातून निसटायला लागली तेव्हा ती मी माझ्या खांद्यावर घेतली. सगळा वेळ माझे डोळे पुढे, नाक्याकडे.

नाका दिसला तेव्हा आमची तुकडी तो ओलांडून गेली होती. आई पाठमोरी होती. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या गल्लीकडे वळली. माझे पाय आपोआप पुढे पडले.

"थे तुही माय होय ना?" जोडीदारीण मागून म्हणाली. "जाय ना समोर. मी येते हळूहळू."

धावले असते तर गाठली असती. पण मी वळून पाहिलं तर ती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. एकदा बसली असती तर उठली नसती.

"लेकीचं सांग," मी म्हणाले. माझा आवाज चांगलाच चढला होता.

ती चालायला लागली. लेक कान कसा धरते ते पुन्हा सांगायला लागली. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

आम्ही वेळेत पोचलो, अगदी थोडक्यात. पुढे गेलेल्या दोघी परत येऊन तिचा पिठ्ठू घेऊन गेल्या, म्हणून. ती जमिनीवर आडवी पडून रडत होती, आणि मला तिच्याजवळ बसवत नव्हतं. मी उगाच पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येत राहिले.

रविवारी आईला फोन केला.

"मी पुढच्या पोरींतच बघत रायले," ती म्हणाली. "तू तं नेहमी पुढं असतेस. नाय दिसलीस, मंग मला वाटलं आज तू आलीच नाय."

मी मागे होते, एवढंच सांगितलं. तिने विचारलं, पाय दुखतो का. नाही म्हणाले.

पुढच्या मार्चला उस्तादांनी मला न विचारताच शेवटी उभं केलं. यवतमाळची ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, या वेळी सुरुवातीपासूनच हळू निघाली, आणि मी दात आवळून तिच्या बरोबरीने पाऊल टाकलं.