पुसता पुसता राहिलेलं यंत्र

इस्पितळाच्या संगणकखोलीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘बघूसाहेब’ म्हणत. काहीही मागा, उत्तर एकच, “बघू!” घरी पडद्यांचा रंग ठरवायची वेळ आली तेव्हा बायकोने त्यांना बाजारात नेलंच नाही. म्हणाली, “तुम्ही घरीच थांबा. नाहीतर खिडक्या जन्मभर उघड्या राहतील.”

माणूस मुळात असा नव्हता. सध्याच्या सर्व्हरसाठी, म्हणजे साऱ्या इस्पितळाच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य यंत्रासाठी, ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनीच छातीठोकपणे निवडली होती. तिच्यासाठी दहा वर्षं दुरुस्त्या येत राहतील, असं बनवणाऱ्यांनी कबूल केलं होतं, आणि अर्ध्या वाटेतच त्यांनी अंग काढून घेतलं. तेव्हापासून सर्व्हर रडतखडत चालला होता आणि बघूसाहेबांचा स्वतःवरचा विश्वास पार उडाला होता.

आता नवा सर्व्हर यायचा होता. इस्पितळाच्या मालकीणबाई, म्हणजे मोठ्या मॅडम, यांनी बजावलं, “त्याच्यावर कुठली सिस्टिम घालायची, शुक्रवारी मला एक नाव हवं. जमत नसेल तर हे काम बाहेरच्या कंपनीला देते. तुम्ही नोंदणीच्या खिडकीवर बसा.”

टेबलाखाली साहेबांनी तीन जुनी यंत्रं चाचणीला लावून ठेवली होती, तिन्हींवर वेगवेगळी सिस्टिम. पहिली एकदम नवी, पण दर सहा महिन्यांनी कात टाकणारी. दुसरी टिकाऊ, पण दरवर्षी पैसे मागणारी. तिसरी फुकट, वर्षानुवर्षं सांभाळली जाणारी, पण इतकी जुन्या वळणाची की तिच्याकडे बघूनच जांभई यावी. वाचावं तेवढा गोंधळ वाढत होता. एकाने जिची स्तुती करावी, तिलाच दुसऱ्याने नावं ठेवावीत.

मेहुणा मोठ्या कंपनीत होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “भावोजी, नवी घ्या. जुनं काय उराशी धरून बसलाय?”

पटलं असं नाही, पण कुणीतरी ठरवून दिलं याचंच बरं वाटलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी नवी पक्की केली आणि उरलेली यंत्रं पुसायला घेतली. सुरुवात जांभईवालीपासून. यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसायचं का? बोट कळीवर गेलं आणि फोन खणखणला.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर होत्या. “साहेब, औषधांच्या नोंदी गायब झाल्या!”

“सर्व्हर तर चालू आहे, सिस्टर.”

“त्याच्यावर कोण लिहितंय? तो सारखा अडकतो. तुम्ही चाचणीला म्हणून संगणकावर उघडायला दुसरा पत्ता दिला होता ना, उन्हाळ्यापासून आम्ही सगळ्या तोच वापरतोय.”

साहेबांनी कळीवरचं बोट चटकन मागे घेतलं. साऱ्या वॉर्डाची औषधं त्यांच्या टेबलाखाली होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. त्यांनी यंत्र आहे तसं पुन्हा सुरू केलं. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, “हां, आलं बघा.” साहेबांनी आधी सगळ्या नोंदींची प्रत काढली आणि तसेच मॅडमकडे गेले. गप्प बसलं तर नोकरी वाचेल, हे जिन्यात दोनदा मनात आलं.

त्यांनी जांभईवालीचं नाव सांगितलं.

“हीच का?”

“इतके महिने वॉर्ड तिच्यावर चाललाय, मॅडम. एक तक्रार नाही. त्यामुळे ती वापरात आहे, हे मलाच माहीत नव्हतं. आणि आज मी ती पुसणार होतो.”

मॅडमनी चष्मा काढला.

“तीच बसवा,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच बसवा. आणि यापुढे काही पुसायच्या आधी सिस्टरना विचारत जा.”

ही शाबासकी होती की कानउघाडणी, हे जिना उतरून खाली आले तरी साहेबांना कळलं नव्हतं. उरलेल्या यंत्रांना हात लावायच्या आधी मात्र त्यांनी सिस्टरना फोन लावला.