थेटरवाल्यांनी पाहिलेला पिक्चर

मिरजेत ऑपरेशन थेटरमध्ये नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. हात अडकलेले, तोंडावर मास्क, कान तेवढे मोकळे. पण त्या एका पिक्चरनं जेवढे दिले, तेवढे वर्षभरात पेशंटनी दिले नसतील. दमवलंही तेवढंच.

आम्ही गेलो ते शिंदेमामांसाठी. मामा आमचे ड्रेसर, पेशंटची मलमपट्टी करणारे. त्यांचा अनिकेत चार वर्षं मुंबईत धडपडतोय, पहिल्यांदाच पडद्यावर दिसणार होता. "हीरोसंगं सीन हाय," असं मामांनी सगळ्या स्टाफला सांगितलेलं. अनिकेतची आई, आमच्या काकू, तर गावाकडनं, वडूजहून सकाळच्या एसटीनं आल्या, ठेवणीतली साडी नेसून.

*

मी घरी फोन केला. "थेटरला हाय, तीन तास लागतील."

"सीरियस हाय का?" बायकोनं विचारलं. तेवढ्यात फोन कट झाला.

इंटरवलला तिचाच फोन. "कसं हाय आता?"

मी म्हटलं, "वाचंल असं वाटत न्हाई."

*

हीरोच्या पोटात सुरा घुसतो. आमच्या अनुभवानं बीपी पडून तो आडवा व्हायला हवा. हा गडी उभ्यानं डोळे गरागरा फिरवत, छाती पिटत दहा मिनिटं बोंबलतो. चौगुले सिस्टरना वॉर्डातली सवय. त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "ओरडू नका हो, टाके तुटतील!" मागच्या दोन रांगा हसल्या.

*

मगदूम डॉक्टर आमचे भूलतज्ज्ञ. पंधराव्या मिनिटाला घोरायला लागले. इंटरवलला उठवलं तर म्हणाले, "लोकांना झोपवण्यात जन्म गेला. मला झोपवणारा आज भेटला."

*

अनिकेत मात्र अजून आला नव्हता. दर मारामारीला मामा खुर्चीत पुढं सरकायचे आणि परत मागं टेकायचे.

शेवटी एक गोडाऊन आलं. हीरोनं मशीनगननं सगळ्या गुंडांना आडवं केलं. नुसता धूर, रक्त, किंचाळणं. मला खरोखर उबग आला. सगळी मढी पालथी, एकाचंही तोंड दिसेना, आणि हीरो त्यांच्यामधून हंबरडा फोडत चाललेला. पिक्चर संपत आला होता. मामांकडं बघायची मला हिंमत होईना.

चौगुले सिस्टर पुटपुटल्या, "तो कडेचा निळ्या शर्टवाला बघा. मेलाय, पण श्वास घेतोय की."

आम्ही सगळे हसलो.

काकूंनी पडद्यावरची नजर काढली नाही. हळूच म्हणाल्या, "घेऊ द्या की सिस्टर. दमा हाय त्याला, ल्हानपणापासनं."