मायचा गुर्दा

नागपुरातल्या सदर बाजारच्या खाटकाची ठाम समजूत होती की आमच्या घरात गुर्द्यांशिवाय दुसरं काही शिजतच नाही. आठवड्यातून एकदा सकाळी मी बर्फ भरलेला थर्मास घेऊन त्याच्या दुकानापुढे उभी राहायचे आणि नुकत्याच कापलेल्या बकऱ्याचे दोन्ही गुर्दे मागायचे. "म्याडम, कधी कलेजी बी नेत जा, सायबाले चव बदलू द्या," तो म्हणायचा. मला लग्नाचा साहेब नव्हता आणि खाटकाला प्रयोग समजावण्याइतका संयमही नव्हता. थर्मासचं झाकण घट्ट लावून मी निघायचे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते. आमच्या विभागाच्या सरांना एकच ध्यास होता. माणसाचं मूत्रपिंड काढून बर्फात ठेवलं तर एखाद-दोन दिवस टिकतं. तेच शून्याच्या खाली नेऊन महिनोन्‌महिने टिकवायचं आणि गरज पडेल तेव्हा दुसऱ्याला बसवायचं. आम्ही बकऱ्याच्या गुर्द्यात ग्लिसरीन सोडायचो, तो डीप फ्रीजरमध्ये ठेवायचो आणि काही दिवसांनी कोमट पाण्यात उबवायचो. दर वेळी तेच व्हायचं. आतल्या पाण्याचं बर्फ होताना त्याला टोकं फुटायची आणि ती सगळं फाडून टाकायची. वरून गुर्दा शाबूत, आत चिखल. "पुढच्या वेळी जमेल," सर म्हणायचे. मी त्यावर हट्टानं विश्वास ठेवायचे, कारण त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती.

तो सीताबर्डीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. सुजलेल्या चेहऱ्यानंही तो मला "गुर्देवाली बाई" म्हणून चिडवायचा. नागपुरात तेव्हा मूत्रपिंड बदलण्याची सोय नव्हती. मुंबईला नेता आलं असतं, पण देणार कोण? वडील कधीच गेले होते. माझं रक्त जुळत नव्हतं. मायचं जुळत होतं, पण तिच्या हृदयाची झडप खराब होती. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की भूल दिली तर ती टेबलावरच जाईल. माय त्यांच्यावर अशी भडकली की मलाच ऐकवेना. "माह्या पोराले माहं देऊन राहिली मी, यायच्या बापाचं काय जाते?"

एका संध्याकाळी बुद्धवंदना आटोपून ती माझ्याजवळ येऊन बसली. भाऊ आत झोपला होता.

"काहून वं, तू ते बकऱ्याचे गुर्दे गारठवून ठेवते नं?"

"हो."

"मंग मी गेली का माहे काढून घे. मी काई लय दिवसाची नाई. ठेव तुह्या पेटीत. त्याची मुंबईची सोय लागली का घेऊन जाय."

किती दिवसांपासून ती हे मनात रचत होती कोण जाणे. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. भलतंसलतं बोलू नकोस, म्हणून मी तिच्यावर ओरडले. असं काही होत नाही, अजून बकऱ्याचंच जमलेलं नाही, असंही सांगितलं. तिला ते पटलं नाही. पोरगी मायच्या मरणाला भिऊन खोटं बोलते, असंच तिला वाटलं. शेवटी मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले.

सर उठून उभे राहिले. "या आई, बसा." त्यांनी त्याच दिवशी उबवलेला एक गुर्दा ट्रेमध्ये तिच्यापुढे ठेवला. माय खूश झाली. "हा तं चांगला दिसून राहिला!" तिनं तो हातात घेतला आणि मटण निवडताना दाबून पाहायची तसा अंगठ्यानं दाबला. अंगठा सरळ आत गेला. तांबूस पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

तिनं गुर्दा हळूच ट्रेमध्ये परत ठेवला.

"कधी जमन सायेब तुमाले?"

सर "पुढच्या वेळी" म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला. "माहीत नाही, आई. मी असेपर्यंत जमेलच असं नाही सांगता येत."

घरी येऊन तिनं हात धुतले, पुन्हा धुतले आणि भावासाठी बिनमिठाची भाजी टाकली.

भाऊ त्याच उन्हाळ्यात गेला. माझे प्रयोग त्यानंतरही चालू राहिले. आणि माय, जी काही दिवसांचीच सोबती होती, ती त्या फाटक्या झडपेवर वर्षानुवर्षं जगली. म्हातारी झाली, वाकली. जगण्याचा तिला राग होता आणि तो ती लपवत नसे. शेजारणीनं "तब्येत बरी दिसते" म्हटलं की ती आत निघून जायची.

शेवटच्या आजारात तिच्या सगळ्या तपासण्या केल्या. मी खाटेशी बसून रिपोर्ट वाचत होते. हृदय पार थकलं होतं.

"काय हाय त्याच्यात?" तिनं विचारलं.

तिला बरं वाटावं म्हणून मी त्यातलं चांगलं तेवढं शोधलं. "माय, तुह्या किडन्या एकदम चांगल्या हायेत."

"अजून?" ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.