हिर्डोशीचा साकव

दारिद्र्य हटवायची योजना कागदावर उतरली की पुढे दारिद्र्याचं काय होतं, ते मला सांगता यायचं नाही. पण योजना आखणाऱ्यांच्या कचेरीत नोकरी केली की किस्से मात्र नको म्हणता साठतात. मी भोरला दारिद्र्यनिवारण मंडळात कारकून होतो. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती. मंडळ तेवढं जोरात होतं.

अध्यक्ष होते रावसाहेब, आणि तज्ज्ञ म्हणून विलायतेला अर्थशास्त्र शिकून आलेले एक प्रोफेसर. रावसाहेबांना शेतीतलं काही कळत नसे. प्रोफेसरांना, आपल्याला ते कळत नाही, हेही कळत नसे. दोघांचं मेतकूट छान जमलं होतं.

•

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, दरिद्री म्हणायचं कुणाला? सकाळी सुरू झालेली चर्चा जिलबी-मठ्ठ्याचं जेवण उरकलं तरी संपेना.

बाहेर ओसरीवर हिर्डोशीचे म्हादबा बसून होते. हिर्डोशी म्हणजे वरंध घाटाच्या अंगाला. तिथून चालत आले होते. गावच्या ओढ्यावर पक्का साकव बांधून द्या, एवढंच मागणं. आदल्या श्रावणात त्यांची सून येसू बाळंतपणात अडली. झोळीत घालून भोरच्या दवाखान्याकडे निघाले, तर ओढा दुथडी भरलेला. काठावरच थांबावं लागलं. येसू वाचली, मूल गेलं. म्हादबा हे सांगत होते तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

मी आत जाऊन रावसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बसा म्हणावं त्यांना. आत त्यांचाच विषय चालू आहे."

दिवेलागणीला बैठक तहकूब झाली. म्हादबांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, काय ठरलं?"

"दरिद्री कोण, ते अजून ठरायचंय."

"ठरलं की सांगा," म्हादबा पागोटं सावरत म्हणाले. "म्हंजी मला बी कळंल, म्या कोन त्ये."

•

मग पाहणी सुरू झाली. वेल्ह्याच्या डोंगरात एका धनगरवाड्यावर गेलो. पाहुणा दारात आला की घरातलं चांगलं ते त्याच्यापुढे ठेवायचं, ही इकडची रीत. त्या माउलीने घरातलं होतं नव्हतं ते सगळं दूध प्रोफेसरांपुढे ठेवलं. त्यांनी कासंडी रिकामी केली. पोरांनी त्या दिवशी भाकरी पाण्यात कुस्करून खाल्ली, ती मागच्या अंगाला, पाहुण्यांना दिसणार नाही अशी.

अहवालात आलं: "वेल्ह्याकडे दुधाची रेलचेल आहे. ते पुण्यास पाठवण्याची सोय व्हावी."

मी म्हटलं, "साहेब, ते पाहुण्यांसाठी म्हणून..."

प्रोफेसर म्हणाले, "कारकून, मी स्वतः प्यालोय!"



•

त्याच डोंगरात मंडळाने एक भलामोठा लोखंडी नांगर धाडला होता. तिथली खाचरं एवढी चिंचोळी की त्या नांगराला बैल जुंपले तर वळताना ते खालच्या वाडीत जायचे. महिन्याभराने रावसाहेबांनी चौकशी केली, "कसा काय आहे नांगर?"

एक म्हातारा म्हणाला, "नांगर झ्याक हाय. आता त्येच्या मापाचं वावर धाडा."

रावसाहेबांनी मला सांगितलं, "लिहून घ्या. गावकरी समाधानी, आणखी मदतीची मागणी करतात."

•

आता हिर्डोशी. तिथली रीत अशी की दिवाळी झाली की सगळं गाव मिळून ओढ्यावर लाकडं टाकून साकव बांधतं, आणि मृगाच्या आत तो सोडून लाकडं देवळात नेऊन ठेवतं. ठेवली नाहीत तर पुरात जातात. म्हणजे साकव नसला तरी चालेल तेव्हा तो असतो, आणि खरी गरज लागते तेव्हा नसतो. म्हणून तर पक्का पाहिजे होता.

आमच्या साहेबलोकांना सवड झाली ती आंबे संपल्यावर. तोवर मृग लागला होता, ओढ्याला पाणी आलं होतं आणि साकव देवळात गेला होता. पण साहेब येणार म्हटल्यावर गावाला कसं राहवेल? त्यांचे बूट भिजायला नकोत म्हणून गड्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून साकव पुन्हा बांधला. रावसाहेब आणि प्रोफेसर त्यावरून डुलत पलीकडे गेले, तांदळाच्या भाकरी आणि कोंबडी जेवले आणि त्याच साकवावरून परत आले. आमची पाठ वळताच गावाने साकव सोडून लाकडं पुन्हा देवळात नेली.

पुढे म्हादबा कचेरीत आले तेव्हा रावसाहेबांनी ऐकवलं, "हिर्डोशीस साकव आहे. मागणी निकालात काढली."

"कुठं हाय, रावसाहेब? त्यो तर तुमच्यापुरता बांधलेला."

"आमच्या अहवालात आहे. अहवालात आहे म्हणजे आहे."

मला संताप आला होता. म्हादबा मात्र शांतपणे म्हणाले, "बरं. येसूला पुन्यांदा दिवस ऱ्हायले तर म्या तिला पावसाआधीच म्हायेरी शिवऱ्याला धाडीन. तितं सडक हाय."

आणि दुसऱ्या वर्षी वैशाखात त्यांनी तिला खरंच धाडलं.

•

त्याच वर्षी मंडळाने योजनेचं पुस्तक छापायला घेतलं. शेवटचं प्रकरण 'योजनेची फळे'. फळ एकही नव्हतं. रावसाहेबांना एकदम सुचलं, "हिर्डोशीचा साकव! त्याचा फोटो टाकू."

"पण तो आपण बांधलेला नाही, साहेब."

"आपण पाहिला तर होता!"

पुस्तक छापून तयार झालं, फोटोचं पान तेवढं अडलं होतं. आषाढात दोन दिवस उघडीप पडली तेव्हा कॅमेरा घेऊन निघालो. प्रोफेसरांना सर्दी होती, त्यामुळे रावसाहेब आणि मी. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. गड्यांनी रावसाहेबांना खांद्यावरून पलीकडे नेलं.

"साकव कुठाय?"

"देवळात," म्हादबा म्हणाले.

रावसाहेब देवळात जाऊन लाकडांकडे बघत राहिले. "फोटोपुरता उभा करा," म्हणाले. तेवढ्यात घाटावर असा काही पाऊस कोसळला की घटकाभरात ओढ्याने दोन्ही काठ गिळले. आम्ही अडकलो ते अडकलोच. नाचणीची भाकरी, आंबाडीची भाजी. तिकडे पुण्यात पुस्तकाचा समारंभ, एक बडा गोरा साहेब येणार, आणि रावसाहेब घोंगडं पांघरून काठावर येरझारा घालताहेत.

समारंभाच्या आदल्या दिवशी पलीकडच्या काठावर शिवऱ्याहून येसूचा भाऊ येऊन उभा राहिला. पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येईना, तसे त्याने दोन्ही हात छातीशी धरून बाळ जोजवून दाखवलं. मग डोक्याला पदर घेतल्यासारखं करून हसत मान हलवली. येसू सुखरूप होती. म्हादबा मटकन खाली बसले आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसायला लागले. मलाही आवरलं नाही.

रावसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "म्हादबा, काहीही करा, पण मला पलीकडे पोचवा. उद्या माझा समारंभ आहे हो!"

म्हादबा उठले. रावसाहेबांच्या खांद्यावरून घसरलेलं घोंगडं त्यांनी नीट सारखं केलं.

"मला बी जायचंय, रावसाहेब. नातवंडाचं त्वांड बघायचंय. चला की, दोघंबी जाऊ. अहवालात साकव हाय न्हवं?"