परीक्षेसाठी ठेवलेली छाती

"पदर काढ."

काढा नाही. काढ. डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. पलंगाभोवती सात-आठ शिकाऊ पोरं-पोरी. पडदा उघडा. शेजारच्या म्हातारीचा मुलगा डबा खाता खाता इकडेच बघतोय. मी पडद्याकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाला, "तुला बघायला कुणाला वेळ आहे इथं?"

ब्लाउजची बटणं काढायला लावली आणि नळीची गार चकती डाव्या छातीखाली टेकवली. माझ्याशी एक शब्द नाही. पोरांशी इंग्रजीत बोलला. मग एकेकाची पाळी लागली. कुणी चकती दाबतोय, कुणी कलिंगड बघावं तशी पाठीवर बोटं वाजवतोय. एकाला हवा तो आवाज सापडला. "मिळालं, सर!" म्हणून हसला. माझ्या छातीत त्याचं काय हरवलं होतं कुणास ठाऊक.

फुफ्फुसं तपासताना "एक, दोन, तीन" म्हणायला लावलं. मी म्हणत राहिले. बालवाडीतल्या पोरासारखी. चष्मेवाल्या एका पोरीनं मैत्रिणीच्या कानाशी माझी नक्कल केली, "येक, दोन, तीन." दोघी खिदळल्या. माझी छाती बिघडली होती, कान नाही.

मी निमोण्याची. धनगराची. सासऱ्यापर्यंत आमचं घर मेंढरांमागं हिंडलं. मी तळेगावच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करते. बाई सौदा करते म्हणून आधी माणसं तोंडावर हसायची. आज दारात माझा टेम्पो उभा आहे. त्या बाजारात मालकाला विचारल्याशिवाय कुणी शेळीच्या पाठीला हात लावत नाही. "बघू का?" म्हणतात. मी मान हलवली तरच बघतात. एवढे शिकलेले लोक, आणि त्यांना बाजाराइतकीही रीत नाही.

टेम्पोवर चढताना दम लागायला लागला, म्हणून हायवेवरच्या या मेडिकल कॉलेजच्या फुकट हॉस्पिटलात आले होते. हृदयाची झडप गेली, असं निघालं. ऑपरेशन पुण्याला, पण तिकडं जायला इथली चिठ्ठी पाहिजे. उशीर केला तर फुफ्फुसात पाणी भरेल, हेही त्यांनीच सांगितलं. आणि चिठ्ठी मात्र देईनात. आज नाही, उद्या. उद्या नाही, सोमवारी.

शेवटी नर्स बोलली. "अहो, सोमवारी पोरांची परीक्षा हाय. तुमच्या हृदयाचा आवाज लई भारी हाय. असला पेशंट घावत न्हाई. म्हणून ठेवलंय तुम्हाला." माझा सत्कार होणार असल्यासारखं सांगितलं तिनं.

त्याच मजल्यावर स्पेशल रूममध्ये साखर कारखान्याच्या एका डायरेक्टरची आई होती. तिचाही आजार हृदयाचाच. पाणी भरायला गेले तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. आत हाच डॉक्टर. चकती तळहातावर घासून गरम करत होता. "काकू, गार नाही ना लागत?" बरोबर एक लेडी डॉक्टर. पोरांची फौज बाहेर उभी. मी बादली तिथंच ठेवून बघत राहिले. या काकूंचं हृदय परीक्षेला चालत नव्हतं का?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. फुकाट हाय सगळं. डॉक्टर चिडला तर चिठ्ठी बी जाईल."

"फुकाट? रोज छाती उघडी करून देते, ते काय हाय मग?"

त्या रात्री मला हिशोब कळला. मी उपकाराखाली नव्हते. त्यांना पाहिजे असलेला माल माझ्याकडे होता, आणि हे लोक तो न विचारता नेत होते.

सोमवारी पलंगावर धुतलेली चादर आली. पडदाही ओढला. बाहेरगावचे परीक्षक येणार होते ना! पहिलीच आली ती चष्मेवाली. वाकून कुजबुजली, "मावशी, कुठली झडप सांगितलीय हो तुम्हाला? सांगा ना, प्लीज." इतके दिवस माझी छाती ऐकली, आणि उत्तर शेवटी माझ्याच तोंडून पाहिजे होतं. माझं नाव तिनं त्या दिवशीही विचारलं नाही.

मी उठून मांडी घातली. पदर गळ्याशी आवळला. "बोलव तुझ्या सरला."

तो आला. "काय नाटक लावलंय?"

"चिठ्ठी द्या."

"परीक्षा झाल्यावर. तुला इथं फुकट ठेवलंय, कळतंय का?"

"मग मी निघते. तुम्ही दुसरं हृदय आणा."

पडद्यापलीकडे परीक्षकाचा आवाज आला. याच्या कपाळावर घाम. "अहो ताई, असं काय करता? देतो ना चिठ्ठी. मुलांचं वर्ष जाईल हो."

अहो. ताई. म्हणजे हे शब्द त्याला येत होते. पहिल्या दिवसापासून त्याच्या तोंडात होते. माझ्यावर खर्च करावेसे वाटले नव्हते, एवढंच.

चिठ्ठी आली. सही बघितली, शिक्का बघितला. पिशवीत टाकली आणि चपला पायात घातल्या.

"आता कुठं निघालात?"

"चिठ्ठी माझ्या आजाराची हाय, तुमच्या परीक्षेची न्हाई. माझंच मला दिलंत. त्याच्यावर मी तुमचं काय देणं लागते?"

पोरगी रडायला लागली. मला दया आली नाही. नवरा जिन्यापर्यंत पुटपुटत आला, "लई केलंस, लई केलंस." मी कठड्याला धरून दम खात होते. बोलता येत असतं तर सांगितलं असतं, अजून कमीच केलंय.

ऑपरेशन अजून व्हायचंय. छाती तशीच फुरफुरते, उशाला दोन उश्या घेतल्याशिवाय झोप नाही. पुण्यातही डॉक्टर असतील, त्यांच्यामागं पोरं असतील. शिकू देत त्यांना. पण पहिला हात लावायच्या आधी प्रत्येकाला माझं नाव घ्यावं लागेल आणि माझा होकार घ्यावा लागेल. नाहीतर मी तिथूनही उठेन, मग भले ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेलं असो. मरायची भीती मला आहे. त्या भीतीच्या जोरावर मला स्वस्तात कुणाला घेऊ देणार नाही.