‘नये’ कुणी वाचायचं?

आमच्या ह्यांनी मला वाशीला झपाट्यानं वाचायच्या क्लासला घातलं. मला बाहेरून धाव्वीची परीक्षा द्यायची हुती, शाळा आठवीतच सुटलेली, रांगतं लेकरू मांडीवर घेऊन म्या ओठ हलवत वाचाय बसले की एका धड्यातच दुपार सरायची. हे म्हणायचे, "कोंबडी दाणं टिपती तसं काय वाचतीस गं? तुझा पयला प्रश्न व्हईपर्यंत पेपर गोळा करून न्हेतील."

क्लासचे सर लई चकचकीत. ओठ हलवायचे न्हाईत, मागं वळायचं न्हाय, ओळीच्या मधोमध नजर ठिवायची. "कडेचं मेंदू आपोआप भरून घेतो, ताई." मेंदूला एवढं जमतंय हे मला ठावं नव्हतं, माझा तर दूध उतू गेलेलं बी सांगत न्हाय. मग सरांनी एक पान दिलं, मोबाईलवर येळ लावली. दुपारी परत येळ लावली, आन् पान परत त्येच! सगळ्यांचं झटक्यात वाचून झालं, टाळ्या बी पडल्या. शेजारची बाई माझ्या कानात म्हणली, "सकाळचं शिळं गरम कराय कितीसा येळ लागतोय?"

दुसऱ्या दिवशी क्लासवरनं घरी आले तर लेकरू तापानं फणफणलेलं, वर उलट्या. ह्ये कामावर, म्या आन् सासूबाई तसंच पळालो दवाखान्यात. तिथं दोन बाटल्या दिल्या, एक उलटीची, एक तापाची, आन् छापलेला कागद. "ह्याच्यावर सगळं लिव्हलंय," म्हणाले, आन् पुढच्याला हाक मारली.

उलटीचं औषध तिथंच पाजलं. घरी आले तवर लेकराचं अंग तव्यावानी. म्या कागद धरला आन् शिकवलं हुतं तशी मधोमध नजर ठिवली. ‘उलटी थांबेपर्यंत तापाचे औषध पाजू’ एवढं दिसलं, बाकीचं मेंदूनं भरून घेतलं. तापाचं औषध चमच्यात वतलं बी.

सासूबाईंच्या मांडीवर लेकरू हुतं. त्या म्हणाल्या, "अगं, वाच की मोठ्यानं. मला काय कळंल मुकं वाचलेलं?"

"आत्या, येळ न्हाय."

"तोंड उघडाय कसला येळ लागतोय गं?"

म्हणून मोठ्यानं वाचलं. "उलटी थांबेपर्यंत तापाचे औषध पाजू... नये."

चमचा तिथंच सांडला. लेकरानं लगीच भडाभडा उलटी केली, म्या रडाय लागले, आत्यांनीच पदरानं त्येचं तोंड पुसलं.

सकाळी सरांचा फोन. "ताई, आज दिसला नाहीत?"

"लेकरू आजारी हाय. सर, एक इचारू? ‘नये’ कुणी वाचायचं?"

"म्हणजे?"

"‘पाजू नये’, ‘जाऊ नका’, ‘मिळणार न्हाय’, आपल्या बोलण्यात समदं न्हाय शेपटाला असतंय. मधीच बघितलं तर सगळ्यालाच व्हय म्हणल्यावानी झालं की!"

"औषधाचे कागद या पद्धतीने वाचायचे नसतात, ताई."

"आन् पेपरात ‘कोणते बरोबर नाही’ असं इचारलं तर?"

"तेही जरा सावकाश वाचावं."

"मग झपाट्यानं वाचायचं तरी काय?"

"कादंबऱ्या वाचा की!"

कादंबरी! त्येची मला कसली घाई, तिथं काय कुणी माझा पेपर गोळा कराय येतंय?

"पुढच्या कोर्सला ओळीचा शेवटही शिकवतो आम्ही," सर म्हणाले.

आत्यांनी इचारलं, "कोण गं?"

"मास्तर. शेवट शिकवायचे पैसे येगळे हायेत म्हणं."

आत्या लेकराला थोपटत हसल्या. उलटी थांबून बराच येळ झाला हुता, अंग मातर अजून गरमच. आता तापाचं औषध चालणार हुतं. म्या फोन ठिवला, कागद घेतला, आन् किती पाजायचं ती ओळ वाचली, पार टिंबापर्यंत.