आपिया ते पागो पागो, व्हाया मल्लेश्वरम

आमच्या ऑफिसात धूळ झाडायला बाई येते, किस्से झाडायला कोणी येत नाही. त्यामुळे ते साचतच जातात!

बंगळुरूत मल्लेश्वरमला आम्ही चारजण एका वेबसाइटसाठी शहराशहरांतली विमानाची अंतरं आणि प्रवासाचे तास भरतो. गेल्या महिन्यात पॅसिफिकमधली बेटं आली आणि माझं डोकंच फिरलं. शनिवारी निपाणीला ताईचा साखरपुडा होता, आणि आमचे मॅनेजर मंजुनाथ सर म्हणाले होते, "पेज बरोबर झालं की रजा मंजूर."

*

आपिया ते पागो पागो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, विमानाने पाऊण तास. पण मधून तारखेची रेषा जाते. सोमवारी दहाला निघालात की रविवारी पावणेअकराला पोचता!

पुण्याच्या संकेतने प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर आलं, प्रवासाचा वेळ: उणे सव्वातेवीस तास.

"अगं, टेलविंड असेल, मागून जोराचा वारा," संकेत म्हणाला. चेहरा एकदम सीरियस!

*

टेस्टिंगला लावण्या. तिने चार वेळा पेज परत पाठवलं. "निघायच्या आधी कसं पोचणार, अक्का?"

मी तिच्याच डब्यातलं संत्रं घेतलं, त्यावर पेनने रेषा काढली, दोन बेटं काढली, सगळं नीट समजावलं. तिने मन लावून ऐकलं. मग संत्रं सोलून खाल्लं आणि पाचव्यांदा रिजेक्ट केलं.

*

संकेतने शेवटी उणे चिन्हच उडवलं. झाले सव्वातेवीस तास! क्लायंटचा मेल आला, "इथे होडी चालते का?"

मी सरांकडे गेले. म्हटलं, खरा वेळ पाऊण तास आहे, मी हाताने टाइप करते, विषय संपला.

"हाताने नाही, प्रोसेस आहे," सर म्हणाले. मग दोन्ही आकडे बघून विचारात पडले. "स्वल्प, थोडंसं अ‍ॅडजस्ट करू. हा म्हणतो पाऊण, तो म्हणतो सव्वातेवीस. मधलं टाका. बारा तास!"

*

असं करत शुक्रवार गेला. शनिवारी अकराला तिकडे ताईच्या बोटात अंगठी गेली, ती मी डेस्कवर मोबाइलमध्ये बघितली. रडू आलं, आणि सगळ्या पॅसिफिक महासागराचा राग आला.

एक वाजता ते बारा तासांचं पेज पास झालं. सर धावत आले. "काँग्रॅट्स! दोन दिवसांची रजा मंजूर!"

*

रविवारी सकाळी ताईचा फोन. आदल्या दिवशी ती माझ्याशी बोललीच नव्हती. मी माफी मागितली, सरांना शिव्या दिल्या, तारखेची रेषा पहिल्यापासून समजावली. सोमवारी निघालेला माणूस रविवारी कसा पोचतो, तेही सांगितलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू लोकांना आदल्या दिवशी पोचवतीस म्हण की," ती म्हणाली. "मग ये की कालच्या साखरपुड्याला!"